सेसना १७२ एस : पंखा, इंधन आणि खानदेशचं ऊन

शिरपूर, धुळ्याजवळचं गोंदूर आणि जळगाव. खानदेशात वैमानिक व्हायचं तर या तीन धावपट्ट्यांची नावं आधी कानावर पडतात. प्रवेशाची चौकशी करायला आलेल्या मुलांना आणि पालकांना विमानाजवळ नेलं की सगळ्यांचे डोळे कॉकपिटमधल्या स्क्रीनवर जातात. स्क्रीन चांगलाच असतो, पण आपल्या भागात विमानाची खरी परीक्षा पुढच्या पंख्यात आणि टाकीपासून सिलिंडरपर्यंतच्या नळ्यांमध्ये होते. म्हणून सेसना १७२ एस या चार आसनी विमानाचा हा आढावा तेवढ्यापुरताच आहे. निकाल आधीच सांगतो: इंधनाची मांडणी साधी आणि भरवशाची, प्रोपेलर दणकट पण तडजोडीचा, आणि मे महिन्यात दुपारी गरम इंजिन पुन्हा चालू करणं हा या विमानाचा उघड दुबळेपणा.

आधी इंधन. १७२ एस च्या दोन्ही पंखांतच टाक्या आहेत. एकूण ५६ गॅलन, म्हणजे २१२ लिटर बसतं. त्यातलं वापरता येतं ते ५३ गॅलन, सुमारे २०० लिटर. पंख डोक्यावर असल्यामुळे इंधन स्वतःच्या वजनाने खाली येतं. गच्चीवरच्या टाकीतून नळाला पाणी यावं तसंच. दोन टाक्यांच्या नळ्या जमिनीलगतच्या सिलेक्टरला मिळतात. त्याला डावी, उजवी आणि दोन्ही अशा तीन जागा. बंद करण्याचा व्हॉल्व्ह वेगळा, ओढायच्या खटक्याचा. सिलेक्टरनंतर छोटी साठवण टाकी, मग विजेवरचा ऑक्झिलरी पंप, शटऑफ व्हॉल्व्ह, गाळणी, इंजिनावर चालणारा पंप, आणि मग हवा-इंधनाचं प्रमाण ठरवणारा सर्वो. तिथून इंजिनाच्या डोक्यावरच्या वाटणी व्हॉल्व्हकडे आणि चार बारीक नळ्यांनी चार नोझलना.

ठिबकवाल्या भागातल्या वाचकाला हे चित्र समजायला दोन मिनिटं पुरतात. वाटणी व्हॉल्व्ह म्हणजे सबमेन, चार नळ्या म्हणजे लॅटरल, नोझल म्हणजे ड्रिपर. बिघाडही त्याच जातीचा. ड्रिपर चोंदले की शेतातल्या गेजवर दाब वाढलेला दिसतो आणि झाड मात्र तहानलेलं राहतं. जुन्या, दाबावर चालणाऱ्या काट्याच्या फ्लोमीटरवरही तेच होतं: एखादं नोझल अर्धवट बुजलं की काटा इंधन जास्त जातंय असं दाखवतो आणि तो सिलिंडर मात्र उपाशी चालतो. इंजिन थरथरतं, त्या सिलिंडरचं तापमान वेगळं वागतं. नोझलला हवा ओढायचं बारीक भोक आणि त्यावर जाळी असते. आपल्याकडची पांढरी धूळ तिथेही जाऊन बसते. नोझलच्या बुडाशी निळा डाग दिसला तर एएमईला, म्हणजे विमानाची देखभाल करणाऱ्या इंजिनीअरला, दाखवा. निळा, कारण विमानाच्या पेट्रोलमध्ये, म्हणजे १०० एलएल अ‍ॅव्हगॅसमध्ये निळा रंग घातलेला असतो आणि इंधन उडून गेलं तरी रंग मागे राहतो. कुठल्याही सांध्याची गळती शोधायला हा डागच उपयोगी पडतो.

इंधनाचा हिशोब करताना नवखे एक चूक नेमाने करतात: टाकी पूर्ण भरली की काळजी मिटली असं धरतात. अ‍ॅव्हगॅसचा लिटर सुमारे ०.७२ किलो. २०० लिटर म्हणजे १४४ किलो. विमानाचं कमाल वजन १,१५७ किलो. टाकीच्या तोंडाच्या आत जी पट्टी आहे तिच्या खालच्या काठापर्यंत भरलं तर प्रत्येक टाकीत वापरण्याजोगं १७.५ गॅलन, दोन्ही मिळून सुमारे १३२ लिटर, ९५ किलो. म्हणजे जवळपास ५० किलो वाचले. ७५ टक्के ताकदीवर तासाला साधारण ३७-३८ लिटर जातं, स्टार्ट, टॅक्सी (जमिनीवर चालवत नेणं) आणि टेकऑफला मॅन्युअल १.४ गॅलन धरतं. पट्टीपर्यंतच्या इंधनात पाऊण तासाची शिल्लक ठेवूनही अडीच तासांचं उड्डाण बसतं. जळगावहून धुळ्याला जाऊन परत यायला याहून जास्त लागत नाही. उन्हाळ्यात पट्टीपर्यंत भरणारी शाळा कंजुषी करत नसते, हिशोब करत असते. मात्र पट्टीपर्यंतचं इंधन डोळ्यांनी आणि मापाच्या काडीने तपासावं. टाकीच्या गेजवर विसंबून टेकऑफ करू नये.

आता ड्रेन. १७२ एस ला १३ ड्रेन, म्हणजे इंधनाचा नमुना काढायच्या तोट्या, आहेत: प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन. जुन्या मॉडेलच्या सवयीचे लोक या आकड्यावर कुरकुर करतात. पण टाकी पंखातच सीलबंद करून बनवली आहे, आतल्या फासळ्यांमध्ये पाणी कुठेही अडकू शकतं, म्हणून इतकी छिद्रं. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी आणि प्रत्येक भरणीनंतर तेराही ठिकाणचा नमुना पारदर्शक कपात घ्यायचा. पाणी जड, तळाशी बुडबुड्यासारखं बसतं. फसवणूक होते ती कप पूर्ण पाण्यानेच भरला तर. तेव्हा वेगळी रेघ दिसतच नाही, सगळं स्वच्छ वाटतं. म्हणून कप आभाळाकडे धरून आधी रंग पाहा. निळा नसेल तर ते इंधन नाही, किंवा हवं ते इंधन नाही. पाणी सापडलं तर नमुना स्वच्छ येईपर्यंत काढत राहा. तरी येतच राहिलं तर पंख हलवून, शेपूट जमिनीकडे दाबून पुन्हा तपासा, आणि तरीही आलं तर उड्डाण रद्द.

अ‍ॅव्हगॅसच्या टाकीत जेट ए-१, म्हणजे जेट विमानांचं रॉकेलसारखं इंधन, पडणं हा यातला सर्वांत वाईट प्रकार. इंजिन जमिनीवर नळ्यांतल्या जुन्या इंधनावर नीट चालतं आणि टेकऑफनंतर स्फोटक ठोके देत कोसळतं. जेटच्या नळीचं तोंड रुंद ठेवलेलं असतं ते पेट्रोलवाल्या विमानाच्या टाकीत शिरू नये म्हणूनच; ड्रमातून हातपंपाने भरताना ही आडकाठी राहत नाही. शंका आली तर पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाका. अ‍ॅव्हगॅस उडून जातो, जेट तेलकट वर्तुळ ठेवतो.

ड्रमचा विषय निघालाच आहे. अ‍ॅव्हगॅस पूर्वी परदेशातूनच यायचा. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवलेला १०० एलएल बाजारात आणला. वडोदरा आपल्याला नवापूरच्या घाटापलीकडे. तरी छोट्या धावपट्टीवर तो येतो बॅरलमध्ये नाहीतर छोट्या टँकरमध्ये, आणि बॅरल उघड्यावर उभं ठेवलेलं दिसलं तर कपाळाला आठी पडायला हवी. दिवसा तापून रात्री गार होताना बॅरल श्वास घेतं आणि झाकणावर साचलेलं पावसाचं पाणी आत ओढतं. ते आडवं, सावलीत, दोन्ही बुचं इंधनाच्या पातळीखाली राहतील असं ठेवायचं. भरताना आधी विमान, बॅरल आणि पंप तारेने जोडून घ्यायचे, मगच टाकीचं झाकण उघडायचं. एप्रिलच्या कोरड्या हवेत स्थिर विजेची ठिणगी सहज पडते. स्वेटर काढताना केस उभे राहतात तीच वीज, फक्त इथे समोर पेट्रोलची वाफ असते.

पंपावरचं मोटारीचं पेट्रोल या इंजिनाला मंजूर नाही. मॅन्युअलमध्ये १०० आणि १०० एलएल, एवढेच. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉल असतं. ते पाणी शोषतं, रबरी सील फुगवतं. “अर्जंटला चालून जातं” म्हणणाऱ्या माणसाच्या विमानात बसू नये.

टाकीतून इंधन बाहेर पडायचं तर तेवढी हवा आत यायला हवी. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार अडखळते, म्हणून दुसरं पाडतात. विमानातलं दुसरं भोक म्हणजे डाव्या पंखाखाली, आधाराच्या दांड्याजवळ लटकणारी वेंट नळी. दोन्ही टाक्या वरून एकमेकींना जोडलेल्या आहेत. कुंभारीण माशीला अशी नळी म्हणजे तयार घर. दोन-चार दिवस उभ्या विमानात ती मातीचं बूच मारून टाकते. झाकणांतूनही हवा जाण्याची सोय आहे, पण उड्डाणाआधीच्या तपासणीत वेंटमध्ये डोकावण्याचं काम त्यामुळे टळत नाही. विमान उतारावर उभं करायचं असेल तर सिलेक्टर डाव्या किंवा उजव्या जागी ठेवा, नाहीतर रात्रभरात वरच्या टाकीतलं खालच्या टाकीत जाऊन पंखाखालच्या नळीतून टपकत बसतं. टेकऑफ आणि लँडिंगला मात्र ‘दोन्ही’वरच.

आता तक्रार. दुपारी दोन वाजता एक विद्यार्थी उतरतो, इंजिन बंद होतं, वीस मिनिटांत दुसऱ्याला जायचं असतं. इंजिन बंद झाल्यावर काऊलिंगखाली, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाखाली, गार करणारा वारा थांबतो आणि उष्णता वर चढते. वाटणी व्हॉल्व्ह आणि चार बारीक नळ्या नेमक्या सिलिंडरांच्या वर. त्यांतलं अ‍ॅव्हगॅस वाफ होतं. विहिरीवरच्या मोटारीने हवा धरली की ती गरगर फिरते पण पाणी उचलत नाही, तेच इथे.

थंड इंजिनाची रीत अशी: थ्रॉटल पाव इंच पुढे, मिक्श्चर (हवेतलं इंधनाचं प्रमाण ठरवणारा खटका) बंद जागी, ऑक्झिलरी पंप चालू, मग मिक्श्चर पूर्ण पुढे ढकलून फ्लोमीटर स्थिर होईपर्यंत, तीन ते पाच सेकंद, आणि परत बंद, पंप बंद, स्टार्टर, इंजिनाने पकडलं की मिक्श्चर सावकाश पुढे. गरम इंजिनाला यातलं प्रायमिंग, म्हणजे स्टार्टरआधी इंधन पाठवणं, गाळायचं, असं मॅन्युअल सांगतं. सिलिंडरांत आधीच भरपूर वाफ असते, वर आणखी इंधन ओतलं की इंजिन बुडतं. बुडालं तर मिक्श्चर बंद, थ्रॉटल अर्धा ते पूर्ण उघडा, स्टार्टर; पकडताच मिक्श्चर पुढे आणि थ्रॉटल लगेच मागे. दोन्ही हात एकाच वेळी उलट दिशेला जातात, हे आधी बंद इंजिनावर बसून सरावात घ्या. इंजिन पकडून पुन्हा मरायला लागलं तर पंप क्षणभर. लांबवला तर बुडवाल.

स्टार्टरचीही मर्यादा आहे: १० सेकंद फिरवा, २० सेकंद थांबा, असं एकूण तीनदा, मग १० मिनिटं विश्रांती. दुपारच्या रांगेत हे पाळलं जात नाही आणि जळालेल्या स्टार्टरचं खापर कंपनीवर फुटतं. त्यापेक्षा विमान नाक वाऱ्याकडे करून उभं करावं आणि उभं असेपर्यंत तेल तपासायची वरची झडप उघडी ठेवावी. उष्णता तिथून निघून जाते. झडप बंद केल्याची खात्री मात्र दोघांनी करावी.

चालू झाल्यावरही वाफ पाठ सोडत नाही. फ्लोमीटर एका गॅलनपेक्षा जास्त डुलू लागला किंवा ताकद कमी-जास्त होऊ लागली तर ऑक्झिलरी पंप चालू, मिक्श्चर जुळवा, तरी थांबलं नाही तर टाकी बदला. कंपनीने सर्वोतून साठवण टाकीकडे परतीची नळी दिली आहे ती गरम हवेतल्या लांब आयडलिंगसाठीच, म्हणजे मंद फेऱ्यांवर उभं राहण्यासाठीच. म्हणजे ही अडचण त्यांनाही माहीत आहे. उन्हात टॅक्सी करताना मिक्श्चर पूर्ण पुढे ठेवायची सवयही सोडा. जमिनीवर बेताने मागे ओढलं तर स्पार्क प्लग काजळत नाहीत. टेकऑफआधी पुन्हा पुढे, हे चेकलिस्टवर बोट ठेवून.

नोझलने इंधन फवारण्याच्या या पद्धतीचा, म्हणजे इंजेक्शनचा, एक मोठा फायदा इथे लोकांच्या लक्षात येत नाही. सेसनाने १७२ चं उत्पादन १९८६ मध्ये थांबवलं आणि १९९६ मध्ये पुन्हा सुरू केलं. त्याआधीच्या बहुतेक विमानांना कार्ब्युरेटर आहे. त्याचं काम ठिबकमधून खत सोडायच्या वेंचुरीसारखं: नळी मध्ये चिंचोळी, तिथे वेग वाढतो, दाब पडतो, इंधन ओढलं जातं. दाब पडताना आणि इंधनाची वाफ होताना तापमानही खूप उतरतं. बर्फ आपल्याकडे कुठला, असं वाटतं. पण ऑगस्टमध्ये सातपुड्याकडे ढग उतरलेले असताना, २२-२५ अंशांच्या ओल्या हवेत, थ्रॉटल मागे घेतलेल्या कार्ब्युरेटरात बर्फ धरतो. मे महिन्यात नाही, श्रावणात. १७२ एस मध्ये हा प्रश्न जवळपास संपला. उन्हातल्या स्टार्टची कटकट ही त्याची किंमत म्हणा.

हवेच्या गाळणीबद्दल थोडंच. धुळीने ती बुजली तर स्प्रिंगची पर्यायी झडप आपोआप उघडते, इंजिन चालू राहतं, पण पूर्ण थ्रॉटलला सुमारे १० टक्के ताकद जाते आणि न गाळलेली धूळ आत जाते. वावटळीच्या दिवसांत गाळणी रोज पाहावी.

आता प्रोपेलर. मॅकॉले कंपनीचा, अ‍ॅल्युमिनियमच्या एकाच तुकड्यातून घडवलेला, दोन पात्यांचा, ७६ इंच व्यासाचा, ६० इंच पिचचा. पिच म्हणजे स्क्रू लाकडात जावा तसा एका फेरीत पंखा कागदोपत्री किती पुढे जाईल ते. पातं मुळाशी जास्त तिरकं आणि टोकाशी चपटं असतं, कारण एकाच फेरीत टोक कितीतरी लांब फिरतं. मिनिटाला २,७०० फेऱ्यांना टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २७३ मीटर भरतो, ध्वनीच्या वेगाच्या पाऊण पटीहून थोडा जास्त. विमानाचा आवाज इंजिनाइतकाच इथूनही येतो.

हा कोन बदलता येत नाही. सायकलला एकच गिअर असावा तसं. सुरुवातीला जड, वेगात हलकं. ब्रेक धरून पूर्ण थ्रॉटल दिला तर १७२ एस २,३०० ते २,४०० फेऱ्याच दाखवतं. १८० अश्वशक्ती मिळतात २,७०० ला, म्हणजे सर्वांत गरज असते तेव्हा पूर्ण ताकद नसतेच. हा दोष नव्हे, निवड आहे. पण २,३०० च्या खाली काटा थांबला तर इंजिन, मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र), इंधन किंवा गाळणी यांत काहीतरी बिघडलंय. टेकऑफ सोडून द्या. काटा २,४०० च्या वर गेला तरी खूश होऊ नका: गेज चुकीचं असेल किंवा पंखा घासून-कापून मूळ मापाचा राहिला नसेल. हीच गोष्ट १७२ आर मध्ये उलटी दिसते. तिथे हेच लायकॉमिंग आयओ-३६०-एल२ए इंजिन ७५ इंची, ७० पिचच्या पंख्याने २,४०० फेऱ्यांवर अडवलेलं आणि १६० अश्वशक्तीचं आहे. वापरलेलं विमान घेणाऱ्याने शेपटीवरच्या अक्षरांपेक्षा पंख्यावरचा मॉडेल नंबर वाचावा.

आता ऊन. जळगाव-धुळ्याच्या धावपट्ट्या समुद्रसपाटीपासून साधारण साडेआठशे फुटांवर. ४३ अंशांना हवा इतकी विरळ होते की विमान स्वतःला सुमारे ४,४०० फुटांवर समजतं. इंजिनाला हवा कमी, पंखांना कमी आणि प्रोपेलरलाही कमी, असा तिहेरी फटका. पूर्ण वजनाला, समुद्रसपाटीवर प्रमाण तापमानात १७२ एस सुमारे ९६० फूट धावून उचलतं. आपल्या दुपारी त्यात जवळपास तिसरा हिस्सा मिळवा, आणि नेमका आकडा त्या दिवसाचं तापमान घालून तक्त्यातून काढा. धावपट्टी पुरते, चढण मात्र सुस्त असते.

प्रोपेलरचं सर्वांत मोठं नुकसान खडी करते. कडेच्या खडीवर उभं राहून रनअप (टेकऑफआधी फेऱ्या वाढवून इंजिनाची चाचणी) केला तर पंख्याखाली भोवरा तयार होतो आणि दगड वर ओढले जातात. रनअप स्वच्छ डांबरावर. कच्च्या जागेवरून निघायचंच असेल तर थ्रॉटल सावकाश, विमान चालू लागल्यावरच फेऱ्या वाढवा, म्हणजे खडी मागे फेकली जाते. पुढच्या काठावर नख अडकेल असा टवका दिसला तर लॉगमध्ये लिहा. तिथून धातूच्या थकव्याची चीर सुरू होते आणि सर्वांत वाईट शेवट म्हणजे पात्याचं टोक उडणं. मग उरलेला असमतोल इंजिन त्याच्या आधाराच्या चौकटीतून उपटू शकतो. एएमई टवका कानशीने घासून, खोलीच्या साधारण दहापट लांबीत उतार देऊन, गुळगुळीत करतो. वाकलेलं पातं ठोकून सरळ करणं धावपट्टीवरचं काम नाही. पंखा धरून विमान ढकलू नका, आणि किल्ली काढलेली असली तरी तो भरलेल्या बंदुकीसारखाच माना. मॅग्नेटोची जमिनीची तार तुटली असेल तर हाताने दिलेला हिसका इंजिन चालू करायला पुरतो.

कोन बदलणारा प्रोपेलर हवा असेल तर डायमंड डीए४० एनजी पाहा. जेट ए-१ वर चालणारं टर्बो डिझेल इंजिन, १६८ अश्वशक्ती, एकच लिव्हर. पिच संगणक सांभाळतो आणि उष्णतेत ताकद फारशी कमी पडत नाही. पण त्यात मिक्श्चर नाही आणि प्रोपेलरचा लिव्हरही नाही. त्यावरच शिकलेल्या मुलाला पुढे जुन्या विमानात या दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. शिकण्यासाठी १७२ एस बरं, निदान विद्यार्थ्याला प्रत्येक गोष्ट हाताने करावी लागते.

गुण द्यायचे तर इंधनव्यवस्थेला पाचात साडेचार, प्रोपेलरला साडेतीन, उन्हातल्या स्टार्टला दोन.

शाळा बघायला जाल तेव्हा मे महिन्यातलं उड्डाणांचं वेळापत्रक मागा. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळ भरलेली, मधली दुपार मोकळी, असं असेल तर चांगली खूण. पात्याच्या पुढच्या काठावरून बोट फिरवून पाहायची परवानगी मागा, अर्थातच एएमई सोबत असताना. बॅरल कुठे ठेवतात ते बघा. आणि ड्रेन कपातला नमुना कुठे ओततात तेही. जमिनीवर भिरकावत असतील तर त्या डांबरावर निळे डाग दिसतील. चांगल्या ठिकाणी विमानाशेजारी त्यासाठी झाकणाचा डबा ठेवलेला असतो.